बेट सुंदर, पण माणसे हलवा!

परदेशची सफर करून येणारा मराठी माणूस पूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चॉकलेटे आणीत असे. हल्ली तो उपदेश आणतो. चॉकलेट निदान वाटून संपत असे. उपदेश संपत नाही, आणि चिवड्याच्या ताटलीबरोबर पुढे येत असल्यामुळे तो नाकारताही येत नाही. गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या विरारच्या वस्तीत स्कॉटलंडहून आलेल्या उपदेशाचे पीक मोठे आहे. सिंगापूर जुने झाले, स्वित्झर्लंड सर्वांचे करून झाले, आता स्कॉटलंड. एडिंबरोला उतरायचे, मोटार भाड्याने घ्यायची (तिकडेही डाव्या बाजूनेच चालवायची असल्यामुळे आपल्या माणसाला ती चालवता येते), आणि मग किल्ले, तळी, डोंगर, बेटे करीत आठ-दहा दिवस हिंडायचे. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून उत्तरेचा सारा किनारा पालथा घालून परत तिथेच येणारा सुमारे आठशे किलोमीटरांचा एक फेरा आहे. २०१५ साली त्याला 'नॉर्थ कोस्ट ५००' असे बारसे करून त्याची जाहिरात सुरू झाली, आणि तेव्हापासून एका मोटारीपुरत्या अरुंद रस्त्यांवर इतकी गर्दी लोटली की तिथल्या गावकऱ्यांनीच कपाळाला हात लावला. पण ते गावकरी आमच्या मंडळींना कुठे भेटले नाहीत. भेटले असते तर पुढचे सारे लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

सफर करावी. पैसा घामाचा आहे, तो कसा खर्चावा हे सांगणारा मी कोण? माझे भांडण परत आल्यानंतरच्या तीन वाक्यांशी आहे. पहिले वाक्य, 'आपल्याकडे काय आहे?' दुसरे, 'तिथे काय शांतता! मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही.' आणि तिसरे वाक्य, ज्याने मला ही लेखणी उचलायला लावली, ते असे: 'आपला अर्नाळ्याचा किल्लासुद्धा तसाच होईल हो, फक्त ती कोळ्यांची वस्ती तिथून हलवली पाहिजे.'

ज्याने स्कॉटलंड पाहिले नाही त्याने त्याविषयी बोलू नये, असे मला लगेच सुनावण्यात येते. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, कादंबऱ्या लिहितो त्या विरार लोकलच्या पलीकडे जात नाहीत, आणि पासपोर्ट नावाची चीज मी दुसऱ्याच्याच हातात पाहिलेली आहे. सारे मान्य. पण मी वर्गात मुलांना चंद्राच्या कलाही शिकवतो. ग्रंथालयात बसून वाचायला व्हिसा लागत नाही; आणि माझी एक भाची ग्लासगोला नोकरीस आहे, ती मामाच्या प्रश्नांना कंटाळत नाही.

आपल्याकडे काय आहे या प्रश्नावर फार शाई खर्चण्यात अर्थ नाही. विचारणारे गृहस्थ वसई स्टेशनावरून रोज लोकल पकडतात आणि त्यांनी वसईचा किल्ला शेवटचा पाहिला तो त्यांच्या पुतण्याच्या लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची ही राजधानी होती. तटाच्या आत सुमारे ११० एकरांचे एक नगरच होते. ज्या गोन्सालो गार्सियांना १८६२ मध्ये संतपद मिळाले ते या वसईत जन्मले आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. चर्चांमधल्या घंटा सह्याद्री चढून गेल्या आणि भीमाशंकराला, मेणवलीला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात वाजू लागल्या. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. एवढा इतिहास एका तटात मावलेला आहे आणि पाहायला दोन तास व लोकलचे तिकीट लागते. तिथून उत्तरेला निघा: अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, अशी किनाऱ्याने किल्ल्यांची माळ आहे. शिरगावच्या किल्ल्यातले फांद्या फुटलेले ताडाचे झाड तर स्कॉटलंडच्या कोणत्याही सरदाराला आपल्या बागेत लावता आले नसते. मोटार बोटीत घालून बेटावर नेतात याचे ज्यांना फार कौतुक वाटले त्यांनी हेही ऐकावे की, विरारहून वैतरणेची खाडी ओलांडून जलसारला मोटारीसकट नेणारी बोट २०२५ मध्ये आपल्याकडेही सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न इथे संपला.

दुसरे वाक्य इतक्या सहज संपणारे नाही. मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही! हे वाक्य मी इतिहासाच्या तासाला फळ्यावर लिहिले तर पाचवीतला मुलगाही हात वर करील आणि विचारील, 'गुरुजी, मग माणसे गेली कुठे?' आमच्या मंडळींनी आठ-दहा दिवसांत हा प्रश्न एकदाही विचारला नाही. तो मी भाचीला विचारला, पुस्तकांना विचारला, आणि जे हाती आले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाढण्यासारखे नाही, तरी वाढतो.

त्या आठशे किलोमीटरांच्या फेऱ्यावर डनरॉबिन नावाचा किल्ला लागतो. परीच्या गोष्टीतल्यासारखे निमुळते कळस, पायथ्याशी आखीवरेखीव बाग, ससाण्यांचे खेळ. आमच्या वस्तीतल्या दोन कुटुंबांच्या बैठकीच्या खोलीत त्याची मोठी छायाचित्रे टांगलेली आहेत. हा सदरलंड घराण्याचा वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या घराण्याला हिशेब उमगला की, खोऱ्यांतून राहणाऱ्या कुळांपेक्षा मेंढ्या जास्त पैसा देतात. मग हजारो माणसांना पिढीजात खोऱ्यांतून उठवले. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात घरांना आगी लावल्या गेल्या, म्हणजे उठवलेली माणसे रात्री परत येऊन आपल्याच छपराखाली निजायला नकोत. पॅट्रिक सेलर नावाच्या ज्या कारभाऱ्यावर याबद्दल १८१६ मध्ये खटला भरला, तो निर्दोष सुटला. उठवलेल्या माणसांना समुद्रकाठी खडकाळ तुकडे दिले आणि सांगितले, आता मासे धरायला शिका. जन्मात होडी न पाहिलेल्या गुराख्यांना! पुढे डोंगरमाथ्यावर घराण्यातल्या पहिल्या ड्यूकचा चौथऱ्यासह सुमारे शंभर फुटांचा पुतळा उभा राहिला. तो दुरून, मोटारीतूनही दिसतो. जळलेल्या घरांचे चौथरे पाहायला मात्र मोटारीतून उतरावे लागते.

लुईस नावाचे दुसरे एक मोठे बेट आहे. तिथल्या किल्ल्याची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. जेम्स मॅथेसन या व्यापाऱ्याने ते अख्खे बेट १८४४ साली विकत घेतले आणि तिथे स्वतःसाठी गढी बांधली. पैसा कुठला? चीनशी केलेल्या अफूच्या व्यापारातला. त्या अफूचा मोठा भाग माळव्यात पिके आणि आपल्या मुंबई बंदरातून जहाजात चढे; सर जमशेटजी जीजीभाई हे या पेढीचे मुंबईतले मोठे जोडीदार होते. म्हणजे ज्या गढीसमोर उभे राहून आमचे शेजारी 'वाहवा' म्हणाले तिच्या पायात माळव्यातल्या शेतकऱ्याचा घामही मुरलेला आहे. पुढच्या दशकात याच मालकाच्या कारकिर्दीत बेटावरची माणसे कुटुंबेच्या कुटुंबे कॅनडाला जाणाऱ्या जहाजांवर चढवली गेली. शांतता वाढली!

आणि सेंट किल्डा. ते सर्वांत दूरचे, पश्चिमेच्या महासागरात एकटे पडलेले. तिथल्या लोकांना कोणी हाकलले नाही. त्यांना नुसते विसरले गेले. वैद्य नाही, टपालाचा भरवसा नाही, हिवाळ्यात महिनोन्‌महिने बोट नाही. तरुण निघून गेले, आणि शेवटी उरलेल्यांनी स्वतःच अर्ज केला की आम्हांला इथून न्या. २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटची ३६ माणसे बेट सोडून गेली. आज ते बेट युनेस्कोच्या यादीत आहे, आणि तेही निसर्ग व संस्कृती अशा दोन्ही नात्यांनी. संस्कृती ज्यांची होती ते गेल्यावर तिचा सन्मान करणे सर्वांनाच सोपे जाते, त्यात वीज, पाणी, शाळा यांचा खर्च येत नाही.

जाता जाता एक गंमत. प्रत्येक दिनदर्शिकेवर आणि बिस्किटांच्या डब्यावर जो एक किल्ला असतो, तळ्यातल्या लहान बेटावरचा, दगडी पुलाचा, तो आयलीन डोनान. आमच्याकडे त्याचे वर्णन 'आठशे वर्षे जसाच्या तसा' असे झाले. १७१९ मध्ये सरकारी गलबतांनी तो तोफांनी आणि दारूने उडवला होता. दोनशे वर्षे दगडांचा ढिगारा होता. १९१२ ते १९३२ या काळात एका श्रीमंत गृहस्थाने तो पुन्हा बांधला. जसाच्या तसा किल्ला हवा असेल तर वसईचा पडका तट त्याहून खरा आहे. अर्थात पडक्या तटाचा डबा कोणी काढीत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, म्हणजे तिकडे सगळे वाईटच काय? मुळीच नाही. तिकडे घेण्यासारखे पुष्कळ आहे. किल्ल्यावर स्वच्छ संडास असतो, फलकावरची माहिती वाचता येण्यासारखी असते, तटावर कोणी बदामात नावे कोरीत नाही. हे तर घ्याच. पण याहून मोठी गोष्ट आमच्या मंडळींनी मोटारीच्या काचेतून पाहिली नाही. १८८२ मध्ये स्काय बेटावरच्या ब्रेज गावी कुळांना नोटिसा बजावायला ग्लासगोहून पोलीस आणले, तेव्हा बायकांनी दगडगोट्यांनी त्यांना तोंड दिले. त्या झगड्यातून १८८६ चा कायदा आला आणि कुळाला जमिनीवरून उठवणे बंद झाले. आपल्या १९४८ च्या कूळकायद्याचा हा थोरला भाऊच म्हणा. याच स्कायला जाणारा पूल १९९५ मध्ये झाला, त्यावर भारी टोल बसला. बेटकऱ्यांनी टोल भरायला नकार दिला, कोर्टाच्या पायऱ्या चढले, आणि २००४ च्या डिसेंबरात टोल रद्द करवला. आमची मंडळी त्या पुलावरून फुकट गेली ती या लोकांच्या कृपेने. एग नावाच्या चिमुकल्या बेटावर तर रहिवाशांनी वर्गणी जमवून १९९७ मध्ये मालकाकडून बेटच विकत घेतले. २००८ मध्ये वारा, ऊन आणि पाणी यांवर चालणारी स्वतःची वीज उभी केली. २००३ च्या कायद्याने गावांना जमीन विकत घेण्याचा पहिला हक्कच दिला. स्कॉटलंडचे अनुकरण करायचे तर हे करा की!

रासे बेटावरचा कॅलम मॅक्‌लाउड मला यांत सर्वांत जवळचा वाटतो. त्याच्या अर्निश गावाला रस्ता नव्हता. वर्षानुवर्षे अर्ज केले, काउन्सिलने दाद दिली नाही. तेव्हा या माणसाने एक जुने पुस्तक, कुदळ, फावडे आणि हातगाडी घेऊन स्वतःच रस्ता करायला घेतला. टपाल वाटायचे, गुरे सांभाळायची आणि उरलेल्या वेळात खडक फोडायचा. सुमारे दहा वर्षे खपून त्याने पावणेदोन मैलांचा रस्ता पुरा केला. तोवर गावात तो आणि त्याची बायको एवढीच उरली होती. १९८२ मध्ये त्यावर सरकारी डांबर पडले. आमच्या एका शेजाऱ्यांनी त्या रस्त्याचे छायाचित्र मला मोठ्या हौसेने दाखवले. सुंदर वळणे, खाली समुद्र. 'पाहा मास्तर,' ते म्हणाले, 'एक माणूस दिसतोय का?'

आणि या डोळ्यांनी हे लोक अर्नाळ्याकडे पाहतात.

अर्नाळ्याचे बेट वैतरणेच्या मुखाशी आहे. किनाऱ्यावरून होडीत बसले की दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. आधी गुजरातच्या सुलतानांचे ठाणे, मग पोर्तुगीज, १७३७ मध्ये मराठे. उत्तरेच्या दरवाजावर मराठी शिलालेख आहे. पाश्चात्त्यांना मारून समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा बांधा अशी बाजीरावांची आज्ञा त्यात कोरलेली आहे. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ, त्याच्यासमोर अष्टकोनी तळे, एक दर्गा, गोड्या पाण्याच्या विहिरी, भाजीचे वाफे. आणि तटाबाहेर गाव. मच्छीमारांचे जिवंत गाव. दारात जाळी, आडव्या बांबूंवर टांगलेले बोंबील, ओट्यावर सुकत घातलेली सुकट, अभ्यासाला बसलेली पोरे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा होडीतून उतरायला धक्का नव्हता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उडी मारली. मला त्याची मौज वाटली. माझ्याशेजारी एक बाई बाळंतीण होऊन घरी परतत होती, तिला दोघांनी धरून उतरवले. तिला मौज वाटत नव्हती.

त्याच गावात मी एका मावशींशी बोलत बसलो होतो. मी विचारले, किल्ला पाहायला येणाऱ्यांचा तुम्हांला त्रास होतो का? त्या म्हणाल्या, त्रास कसला? येतात, वाट विचारतात, पाणी मागतात. फक्त छायाचित्र काढताना 'जरा बाजूला व्हा' म्हणतात. एवढे सांगून त्या बोंबील उलटवायला गेल्या.

जरा बाजूला व्हा! डनरॉबिनच्या मालकिणीच्या कारभाऱ्याने याहून वेगळे काय सांगितले होते? त्याला मेंढ्यांसाठी जागा हवी होती, आम्हांला छायाचित्रासाठी हवी आहे. गंमत अशी की तिकडे शेतकऱ्याला उठवून मासेमारीला लावले, आणि इकडे मच्छीमाराला उठवून विरारच्या एखाद्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवण्याची भाषा चालते. चौथ्या मजल्यावर जाळे कुठे पसरायचे, हे सांगणारा अजून भेटला नाही.

वास येतो, म्हणतात. येतोच. समुद्रावर पोट भरणाऱ्याच्या अंगणाला अत्तराचा वास येत नसतो. ही मंडळी तिकडच्या बंदरात मात्र धुरावलेला मासा चौदा पौंडांना खाऊन आली, आणि तो खाताना कोणी नाकाला रुमाल लावल्याचे छायाचित्रात दिसले नाही.

पण या गावावर खरे संकट पाहुण्यांचे नाही. एका बाजूने समुद्र बेट खातो आहे. वैतरणेच्या खाडीतून सक्शन पंप लावून रेती उपसली गेली, आणि भरतीच्या लाटा किनारा कापीत घरांपर्यंत आल्या. कित्येकांची घरे गेली. दुसऱ्या बाजूने कायदा. किल्ला संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीवाचून काही करता येत नाही. बेट केवढे, त्यावर किल्ला केवढा, आणि उरलेल्या पट्टीत गाव केवढे, हे ज्याने पाहिले त्याला पुढे सांगायला नको. लाटेने घर नेले तर मागे सरकून बांधायला जागा नाही. हा कायदा वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्या वसई-विरारमध्ये खाजणात भराव टाकून रातोरात इमारती उभ्या राहतात तिथे हा कायदा नसता तर किल्ल्याच्या बुरुजाला लागून सात मजले उठले असते आणि त्यांना नावही 'किल्लाव्ह्यू' असे दिले असते. पण बिल्डर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवासी या दोघांना कायदा एकाच दोरीने मोजतो. जुन्या वस्तीला घरदुरुस्तीचा सोपा परवाना हवा, कोळीवाड्यांच्या हद्दी आखून त्या कागदावर यायला हव्यात. ते काम किनाऱ्यावर वर्षानुवर्षे रेंगाळलेले आहे.

पैसा नाही, असे मात्र कोणी सांगू नये. याच पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाढवणला ७६,२०० कोटींचे बंदर २०२४ मध्ये मंजूर झाले, आणि तेही याच किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध बाजूला सारून. १८ जून २०२५ रोजी भारतीय नौदलात पाणबुड्यांचा माग काढणारी एक नवी युद्धनौका दाखल झाली, तिचे नाव आय.एन.एस. अर्नाळा. विशाखापट्टणमला समारंभ झाला. माझी छाती फुगली, खोटे कशाला सांगू? वर्गात मुलांना मी ते कात्रण वाचून दाखवले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, 'गुरुजी, त्या बोटीला धक्का असेल ना?'

यावर दुसऱ्या एका गोटाचे लोक माझ्यावर चालून येतील. त्यांना स्कॉटलंडचे प्रेम नाही. ते भगवा झेंडा घेऊन किल्ल्यावर येतात, घोषणा देतात, एका विजयाच्या दिवसाची आठवण करतात आणि निघून जातात. त्या विजयाचा मलाही अभिमान आहे. चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांना मानाने जाऊ दिले, याचा अधिक अभिमान आहे. पण किल्ला म्हणजे वर्षातला एक दिवस आणि उरलेले ३६४ दिवस कुलूप, असे नाही. वसईच्या किल्ल्यात वज्रेश्वरीला नारळ फुटतो आणि तिथून थोड्या अंतरावर गोन्सालो गार्सियांच्या पडक्या चर्चमध्ये सणाच्या दिवशी मराठीतून प्रार्थना होते. २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो या मातीतले. किल्लाबंदरच्या कोळ्यांच्या होड्या त्याच तटाखालून समुद्रात जातात. झेंडेवाल्यांना हे दिसत नाही आणि मोटारवाल्यांनाही दिसत नाही. एकाला किल्ल्यात फक्त इतिहास हवा, दुसऱ्याला फक्त देखावा; तिथे आज चूल कोणाची पेटते याच्याशी दोघांनाही कर्तव्य नाही.

या बाबतीत मोठ्या माणसांपेक्षा पोरे शहाणी. या दिवसांत गल्लोगल्ली मातीचे किल्ले झालेले आहेत, जरा थांबून पाहा. वर सिंहासनावर महाराज असतात, बुरुजांवर मावळे असतात, हे खरे. पण खाली पायथ्याशी काय असते? अळीव पेरलेले शेत, विहीर, डोक्यावर घागर घेतलेली बाई, भाजीवाला, गाय, आरशाचे तळे, त्यात कागदाची होडी. त्या गवळणीला हलवा म्हणजे किल्ला छान दिसेल, असे कोणा पोराला अजून सुचलेले नाही. आमच्या शाळेतल्या मुलांनी एकदा अर्नाळ्याचा किल्ला केला होता, तेव्हा दोन काड्यांना दोरा बांधून त्यावर कागदाचे बोंबीलसुद्धा वाळत घातले. बक्षीस दुसऱ्या वर्गाच्या रायगडाला मिळाले. तो नेटका होता.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांत वसई नाही, अर्नाळा नाही. आपले किल्ले राहिले म्हणून हळहळ करणारे लेख मी वाचले आणि त्या हळहळीत थोडासा सामीलही झालो. पण उद्या ते यादीत गेले आणि त्या निमित्ताने बेट 'मोकळे' करण्याचा घाट कोणी घातला, तर मी यादीच्या विरुद्ध उभा राहीन हे आजच लिहून ठेवतो. आधी बाराही महिने चालेल असा पक्का धक्का, आजाऱ्याला रात्री-अपरात्री पलीकडे आणणारी बोट, किनाऱ्याला बंधारा, घराच्या दुरुस्तीचा परवाना. मग फलक लावा, संडास बांधा, तिकीट लावायचे तर लावा. तिकिटाच्या खिडकीत गावातलीच मुलगी बसवा आणि गल्ल्यातला वाटा गावाला द्या. वाटाड्याही गावातलाच हवा. दरवाजावरच्या शिलालेखाचा अर्थ त्याला आला नाही तर आम्ही मास्तर लोक सुटीत येऊन शिकवू, फुकट.

दिवाळीच्या सुटीत पोराबाळांना घेऊन अवश्य जा. भरती-ओहोटी विचारून निघा, चपला हातात घेण्याची तयारी ठेवा, तट चढून आल्यावर तळ्याच्या काठी डबा उघडा. येताना सुकट नाही तर बोंबील विकत घ्या आणि सांगितलेल्या भावात घ्या. तिकडे पौंडात घासाघीस केली नव्हती. वास सोसत नसेल आणि छायाचित्रात माणूस नको असेल, तर मात्र होडीत बसू नका. तिच्यात जागा थोडी असते, आणि ती बाजार करून परतणाऱ्या बायकांना लागते.